चेनीचे शेवटचे दात

२१ डिसेंबर

आईकडून खोकं आलं. वर जुनी वर्तमानपत्रं, खाली युझुची लिंबासारखी फळं. आमच्या डोंगरात या दिवसांत ही झाडाखाली सडत पडतात, कोणी वाकून उचलत नाही. इथे मालकांच्या बायकोने, काकूंनी, एकेक फळ हातात घेऊन हुंगलं. आज वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, म्हणून त्यांनी ती न्हाणीतल्या टाकीत सोडली आणि घरभर माझ्या गावाचा वास सुटला. मला तो वास नको होता. गाव सोडून चार वर्षं झाली, त्यात चार कामं सोडली.

आधी मालक बसले, मग मी. पाय घातला आणि तसाच बाहेर काढला, इतकं पाणी कढत. म्हटलं, मालक, यात तुम्ही कसे बसलात? ते म्हणाले, "डोंगऱ्या, तुमची कातडी कांद्याची असते." काकूंनी येऊन बघितलं तर थंड पाण्याचा नळ उघडलाच नव्हता. मालकांच्या उजव्या हातावर, बोटांच्या मुळाशी, फोड आले होते. त्यांना पत्ता नव्हता. काकू मलम लावत बसल्या. माणूस आहे की दगड, मी मनात म्हटलं. असं टणक व्हायला मला आवडेल.

ही वही कशासाठी, ते लिहून ठेवतो. मागच्या कामावर, इमारतींना परांच्या बांधायचो, तिथला मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला होता, याला आपलं नाव सोडून दुसरं काही लिहिता येत नाही. म्हणून लिहितोय. तो वाचणार नाही ती गोष्ट वेगळी.

२८ डिसेंबर

आज समुद्र गप्प होता. या किनाऱ्यावर हिवाळ्यात असे दिवस मोजकेच, आणि त्या मोजक्या दिवसांवर आमचं दुकान. शहरातून लोक सकाळी येतात, कयाकमध्ये, म्हणजे एकट्याच्या अरुंद होडीत, बसून कड्यांच्या कडेने जातात, गुहांच्या तोंडावर लटकलेले बर्फाचे पडदे बघतात, खडकावरचे समुद्रसिंह बघतात, खडीच्या किनाऱ्यावर गरम सूप पितात आणि दिवस मावळायच्या आत परत. पुढे मालक, मधे पाहुणे, मागे मी.

निघायच्या आधी चेन तपासायची असते. आमचा सूट पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत एकच, पाणी आत येऊ न देणारा. त्याची चेन खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी. ती सगळी लागली असं वाटतं, पण शेवटचे दात जोर लावून ओढावे लागतात. ते मिटले की बोटाला एक बारीक धक्का बसतो. तो बसला नाही तर चेन उघडीच समजायची. वर लाइफ जॅकेट घातलं की डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून जॅकेटखाली हात घालून दुसऱ्याने ओढून बघायचं आणि "बंद" म्हणायचं. मालक पहिल्या पाहुण्याची बघतात, पहिला दुसऱ्याची, असं करत शेवटचा पाहुणा माझी बघतो.

मालकांची कोणी बघत नाही. तीस वर्षं पाण्यात असलेल्या माणसाच्या छातीला हात कोण लावणार? मागच्या महिन्यात एका पाहुण्याने हसत विचारलं होतं, तुमची कोण बघतं? मालकही हसले. माझी समुद्र बघतो, म्हणाले.

काकू मात्र दर वेळी थर्मास घेऊन वाळूपर्यंत खाली येतात आणि सगळ्यांसमोर त्यांची कॉलर नीट करतात, जॅकेट ओढतात, छातीवर थाप मारतात. ते शाळेत निघालेल्या पोरासारखे उभे. या वयात हे लाड. मी दुसरीकडे बघतो.

४ जानेवारी

गाठी, गाठी, गाठी. दोर बांध डोंगऱ्या, झाकण उघड डोंगऱ्या, पाणी आत येऊ नये म्हणून होडीच्या तोंडावरचा रबरी पडदा ताणून बसव डोंगऱ्या. पाहुण्यांचा बसवतो ते माझं कामच आहे. पण आज म्हाताऱ्याने स्वतःचाही मलाच बसवायला लावला आणि वर म्हणतो, सैल आहे, परत बसव. वल्ह्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळायला लावली, एक थर, मग दुसरा, मग तिसरा. इतकं जाड वल्हं मी कुठे बघितलं नाही. म्हटलं, मालक, हे वल्हं आहे की खांब?

दुपारी कानेदा म्हातारा आला. त्याची मासेमारीची बोट बंदरात आमच्या शेजारीच लागते. त्याने त्यांच्या तरुणपणाची गोष्ट काढली. मालक समुद्रावर यायच्या आधी रेल्वेच्या बोगद्यात होते. दगड फोडायचं यंत्र दिवसभर दोन्ही हातांनी छातीशी धरायचं. कानेदा म्हणाला, हा रात्री जेवायला बसला तरी याची वाटी वाजायची, हात थांबायचेच नाहीत. मालक म्हणाले, "जुन्या गोष्टी उकरू नकोस, मासा उकर." आणि उठून गेले.

त्यांची बोटं मी आज नीट बघितली. मोजा काढला तेव्हा मधली तीन बोटं मुळापर्यंत पांढरी, मेणबत्तीसारखी. थंडीच तशी आहे. माझीही नखं निळी पडतात.

१२ जानेवारी

चांगला दिवस. समुद्रसिंह खडकावरून ओरडत होते. एक पाहुणी म्हणाली, हे आमच्या साहेबांसारखे दिसतात. सगळे हसले, मालक सोडून. परतताना तिच्या नवऱ्याने विनंती केली, उलटून दाखवा ना, ऐकलंय तुम्ही फार सुंदर उलटता. मालक म्हणाले, शुन्ता दाखवेल.

तर मी दाखवलं. होडीसकट पाण्याखाली गेलो आणि वल्ह्याच्या एका फटक्यात वर आलो. डोकं सुन्न झालं, पण टाळ्या पडल्या. मला हे मालकांनीच शिकवलंय, मागच्या उन्हाळ्यात, तळ्यात. तेव्हा ते दिवसातून दहादा उलटायचे. या हिवाळ्यात एकदाही नाही. आळस चढलाय. पाहुण्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं ते त्यांना आवडलं नसावं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, वर येताना वल्हं घट्ट धरतोस, हलकं धर. हलकं कसं धरणार, सुटेल की.

१३, १४, १५ जानेवारी

वारा. बर्फ. छपरावरचं बर्फ ओढलं, परत पडलं, परत ओढलं.

२० जानेवारी

अजून वारा. दाइगोचा फोन आला. परांच्यांवर माझ्यासोबत होता, आता बर्फावर घसरायला येणाऱ्यांना डोंगरावर नेणारे तारेवरचे पाळणे चालवतो. तिथे माणूस हवाय, मार्चपासून. रात्री संगीत, पोरी, गरम खोली. म्हणाला, तू काय म्हाताऱ्याच्या बुटाच्या नाड्या बांधत बसलायस?

त्याला चिडून सांगितलं, नाड्या नाही, पडदा. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की परवा नाड्यासुद्धा बांधल्या होत्या.

मला काय हवंय ते इथे सरळ लिहितो, कारण तोंडाने कोणाला सांगितलं तर हसतील. मला पुढची होडी हवीय. मागून सगळ्यांच्या पाठी बघायच्या नाहीत, पुढे पाणी बघायचंय, आणि मी वल्हं उचललं की मागच्या सगळ्यांनी थांबायचं. आयुष्यात माझ्यामागे कधी कोणी आलं नाही. मालक म्हणाले होते, हा हिवाळा काढ, मग बघू. अर्धा हिवाळा निघाला. "बघू" तिथेच आहे.

३ फेब्रुवारी

आज भुतं हाकलायचा दिवस. आमच्याकडे भाजलेले सोयाबीन फेकतात, इथे टरफलासकट भुईमूग फेकतात, बर्फात पडले तरी शोधून खाता येतात म्हणून. काकूंनी मला कागदाचं भुताचं तोंड बांधलं आणि अंगणात उभं केलं. मालकांनी मूठ भरून फेकली, पण शेंगा त्यांच्या पायाशीच सांडल्या. म्हटलं, मालक, एवढ्याने भूत जात नाही, उलट जेवायला बसतं. काकू हसल्या. ते हसले नाहीत.

मग आपल्या वयाइतक्या खायच्या. काकू सोलत होत्या आणि त्यांच्या ताटलीत दाणे टाकत होत्या. जेवणही हल्ली चमच्याने चाललंय. भाताचा घास जेवायच्या काड्यांनी उचलत नाहीत. मला राहवलं नाही. म्हणालो, "काकू, भरवून टाका ना, चमचा तरी कशाला."

काकूंचा हात थांबला. मालकांनी चमचा खाली ठेवला, हळू, आवाज न करता, आणि म्हणाले, "बरोबर बोलतोय." मग उठून होड्यांच्या शेडमध्ये गेले आणि जेवण तसंच राहिलं. काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

सांगून टाकलं. मार्चच्या आधी जातो म्हटलं. ते शेडमध्ये एका होडीला पॉलिश करत होते, म्हणजे मी करत होतो आणि ते बघत होते. मग म्हणाले, वसंतापर्यंत थांब. वसंतात पुढे तू, मागे मी.

म्हटलं, मागे तुम्ही कशाला, मागे दुसरा ठेवा, मी आत्ताच पुढे जातो. ते म्हणाले, तुला पाणी दिसतं, माणसं दिसत नाहीत अजून.

झालं. म्हणजे परत "बघू." मला माणसं दिसत नाहीत म्हणे. मागे कोण असतं? मागून सगळ्यांकडे कोण बघतं? रागात पॉलिशचा डबा लाथेने उडवला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, तो हातातून घसरला, परत घसरला, आणि मग त्यांनी तो पायाने भिंतीशी ढकलला. मला वाटलं मुद्दाम करतायत, मी उचलावा म्हणून. मी उचलला नाही.

दाइगोला कळवलं, येतोय.

१६ फेब्रुवारी

काकूंची बहीण साप्पोरोच्या दवाखान्यात आहे, पोट कापायचंय. काकू आठवडाभर तिच्याकडे. सकाळी निघताना डबे दाखवले, कशात काय आहे ते. मालक अंगणात गाडी तापवत होते, दार उघडं होतं. काकू चप्पल घालता घालता हळू आवाजात म्हणाल्या, "शुन्ता, सकाळच्या वेळी जरा यांच्याकडे बघ हं. निघताना. हे सांगायचे नाहीत."

म्हटलं, काळजी करू नका, भात मी लावतो, सूप करतो, उपाशी नाही ठेवत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात मालकांनी भोंगा वाजवला. बस चुकेल म्हणून.

१७ फेब्रुवारी

उद्या ऊन आहे, वारा नाही. तीन पाहुणे. एक नवराबायको, आणि ओबाता नावाच्या बाई, शाळेतून निवृत्त, एकट्या येतात, दरवर्षी येतात. मालकांना त्या आवडतात, कारण त्या प्रश्न विचारत नाहीत.

भात लावलाय. सकाळी उठून अंडं घालीन.

१८ फेब्रुवारी

मालक गेले.

२० फेब्रुवारी

काल वही उघडली आणि मिटली. आज लिहितो. तटरक्षकवाल्यांना दोनदा सांगून झालंय, पण ते विचारतील तेवढंच सांगितलं.

सकाळी त्यांनी भात खाल्ला, अंडं घालून, चमच्याने. चांगला झालाय म्हणाले. सूट घालायला बराच वेळ लावला. मी होड्या खाली नेल्या. कानेदा म्हातारा जाळं झटकत होता. तो म्हणाला, ऊन चांगलं पडलंय, बर्फाच्या पडद्यांपासून लांब राहा, आज ते सुटतील. मालक म्हणाले, मला माहीत आहे. माहीत होतंच. उन्हाच्या दिवशी कड्यापासून चार होड्यांचं अंतर, हे त्यांनीच मला शिकवलंय.

चेनी तपासल्या. मालकांनी ओबाता बाईंची बघितली. ओढून बघितली आणि "बंद" न म्हणता त्यांनाच विचारलं, लागली ना? त्या म्हणाल्या, लागली. बाईंनी बायकोची बघितली, बायकोने नवऱ्याची, नवऱ्याने माझी.

मग मालक माझ्याकडे आले. पाहुणे होडीत बसायच्या गडबडीत होते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, अगदी जवळ, छाती जरा पुढे काढून. बोलले काही नाही. माझ्या डोक्यात दहा तारखेचं भांडण होतं. मला वाटलं, निघायच्या आधी माझ्याकडून मान हवाय, बाकीच्यांसमोर. तर मी वाकून नमस्कार केला, जरा जास्तच खाली, टोमणा कळावा इतका. वर बघितलं तर ते अजून तसेच उभे होते. मग म्हणाले, "बरं. चल." आणि वळले.

हे मी तटरक्षकवाल्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि यात सांगण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. पण तेच सारखं दिसतंय.

पहिल्या गुहेपर्यंत सगळं ठीक. ऊन इतकं की नवराबायकोने टोप्या काढल्या. दुसऱ्या कड्याला ओबाता बाई मागे रेंगाळल्या. बर्फाचा एक निळा पडदा होता, दोन मजल्यांएवढा, त्याचा फोटो काढत होत्या आणि होडी आपोआप आत सरकत होती. मी मागे होतो, माझं काम होतं. हाक मारली, पण आधी मनात म्हटलं, पुढचा माणूस बघेल की, त्याला माणसं दिसतात ना. तेवढाच उशीर झाला.

पडदा सुटला. आवाज आधी आला नाही, पाणी आधी आलं. बाईंच्या अंगावर काही पडलं नाही, पण लाटेने होडी पालथी झाली. बाई बाहेर आल्या, श्वास घेता येईना, नुसतं तोंड उघडत होतं. मालक माझ्याआधी पोचले. मला ओरडून म्हणाले, "दोघांना घेऊन खडीवर जा. मागे बघू नकोस."

मला वाटलं, परत तेच. मोठं काम स्वतः करणार, मी शेळ्या राखायच्या. गेलो. कोपरा वळून खडीचा किनारा, तिथे त्या दोघांना वर ओढलं, रेडिओवरून कानेदाला बोलावलं आणि परत फिरलो. किती वेळ लागला ते विचारतात. मला माहीत नाही. वल्हं मारत होतो.

आलो तेव्हा बाई आपल्या होडीत बसलेल्या होत्या, होडीचं पोट तोंडापर्यंत पाण्याने भरलेलं, त्या थरथरत. मालक पाण्यात. त्यांची होडी पालथी, लांब गेलेली, वल्हं दिसत नव्हतं. बाईंच्या होडीच्या मागच्या दोरात त्यांनी कोपर अडकवलं होतं. हाताने धरलं नव्हतं, कोपर अडकवलं होतं. मला म्हणाले, बाईंना आधी. म्हटलं, बाई वर आहेत मालक, तुम्ही या. त्यांना माझ्या होडीच्या पाठीवर ओढायला लागलो. कमरेच्या वर येईनात. पाय भाताच्या ओल्या पोत्यांसारखे. ते म्हणाले, जसं कोणी हवामान सांगावं तसं, "पायात पाणी आलंय."

म्हटलं, कुठून?

मग मी त्यांची कॉलर धरली. दोन्ही हातांनी. वल्हं सोडलं. बाई माझ्या होडीला धरून होत्या, म्हणून आम्ही पालथे झालो नाही. ते आधी थरथरत होते, मग थांबले. मला वाटलं बरं वाटतंय. मधेच म्हणाले, "हलकं धर." मी घट्टच धरलं. कानेदाची बोट आली तेव्हा त्याला माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.

बंदरात यायच्या आधीच ते गेले होते. कानेदा डेकवर त्यांच्या शेजारी बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, मूर्खा, तू तरी टोपी घाल.

२३ फेब्रुवारी

उत्तरक्रिया झाली. दाराशी मी चपला लावत होतो, काकूंनी आत बोलावून आपल्या शेजारी बसवलं. भाऊबंदांनी बघितलं.

तटरक्षकांचा माणूस येऊन सांगून गेला. चेन चार बोटं उघडी होती, जॅकेटखाली. बाकी सूट चांगला, कुठे फाटलेला नाही. एवढ्या अनुभवी माणसाकडून अशी चूक, असं म्हणाला आणि मग लाजला.

ओबाता बाई आल्या होत्या. त्यांनी काकूंसमोर डोकं जमिनीला टेकवलं, उठेनात. मग सांगू लागल्या. "होडी सरळ करून त्यांनी मला वर चढवलं. चढताना मी त्यांचा हात पकडला. त्यांनीही माझा धरला, पण ते धरणं नव्हतं हो, नुसता हात ठेवल्यासारखं होतं. मी घसरले आणि माझ्या वजनाने ते उलटले. पाण्याखालून वल्हं दोनदा वर आलं, तिसऱ्यांदा एकटंच आलं."

काकू म्हणाल्या, तुमची काही चूक नाही, त्या हातांत काही राहिलंच नव्हतं.

लोक गेल्यावर काकूंनी कपाटातून तारेचा एक आकडा काढला, लाकडी मुठीचा. म्हणाल्या, "शर्टाची बटणं यातून ओढून लावायचे. बोगद्यातल्या यंत्राने बोटं मेलेली, आधी हिवाळ्यात जायची, मग परत यायची, या हिवाळ्यात परत यायचीच बंद झाली. डॉक्टर म्हणाले होते थंड पाणी सोडा. मला शपथ घातली होती कोणाला सांगायचं नाही. समुद्रावरून उतरवतील म्हणून."

मी म्हटलं, मला तरी सांगायचं. त्या म्हणाल्या, "तुलाच तर सांगायचं नव्हतं. तुझ्यासमोर त्यांना मालक राहायचं होतं. वसंतापर्यंत."

म्हणजे गाठी. झाकणं. पडदा. चमचा. पॉलिशचा डबा. तीन तारखेचं माझं बोलणं. एकेक आठवत गेलं आणि मी बसलो होतो तिथेच बसलो. एक गोष्ट तरी अजून बसत नाही कुठे. वाळूवर ते माझ्यासमोर का उभे राहिले होते? काकूंना विचारावं म्हणून तोंड उघडलं, पण त्या आकड्यावरची धूळ पुसत होत्या.

२४ फेब्रुवारी

दाइगोचा फोन. उचलला नाही.

३ मार्च

होड्या अजून खडीच्या किनाऱ्यावरच होत्या. त्या दिवशी कानेदाने आणि तटरक्षकांनी माणसं आणली, होड्या राहिल्या, पाण्यातल्याही वाहत तिथेच लागल्या. आज संध्याकाळपासून वारा, मग आठवडाभर वादळ सांगितलंय, म्हणजे त्या फुटणार. कानेदाच्या बोटीला तिथे खडकांमुळे जवळ जाता येत नाही. म्हणून ठरलं, मी कयाकने आत जायचं, एकेक होडी दोराने ओढून त्याच्या बोटीपर्यंत आणायची. त्याने विचारलं, जाशील ना? म्हटलं, मला तिथली वाट माहीत आहे.

शेडमध्ये सूट घातला. थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. चेन ओढली. मिठाने अडत होती, मेण लावून परत ओढली. शेवटपर्यंत गेली असं वाटलं. तो धक्का बसला की नाही, कळलं नाही. परत ओढली. परत कळलं नाही. जॅकेट घातलं, आत हात घालून चाचपडलं, आपलीच चेन आपल्याला त्या कोनातून ओढता येत नाही.

वाळूवर आलो तर काकू थर्मास घेऊन आलेल्या. एकाच माणसाचा थर्मास, पण मोठाच आणला होता, सवयीने. कानेदा बोटीवर इंजिन बघत होता, त्याची पाठ आमच्याकडे.

मला म्हणायचं होतं, काकू, एवढी चेन बघा. चार शब्द. बाईमाणसाला कसं सांगायचं, आणि त्यांना, आणि याच वाळूवर. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, जवळ, छाती जरा पुढे काढून. बोललो काही नाही.

आणि उभा असतानाच मला माझी त्या सकाळची पाठ दिसली, वाकलेली, टोमणा कळावा इतकी खाली.

काकूंनी थर्मास वाळूत ठेवला. जॅकेटखाली हात घातला, चेनीची दोरी शोधली आणि जोराने ओढली. दात मिटले. अगदी थोडी राहिली होती. त्यांनी कॉलर नीट केली, छातीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "बंद."

सगळ्या होड्या आणल्या. मालकांची शेवटी आणली. ती लाटांनी खडीवर आणून टाकली होती, पडदा तिच्या तोंडाशी अजून लोंबत होता. वारा सुटायला लागला होता. समुद्रातून परत येताना पुढे माझी होडी, मागे दोरावर त्यांची. दोर ताणला की ती येत होती, सैल सोडला की थांबत होती.